सहा नंबरच्या टेबलाचं उत्तर

बारा दिव्यांपैकी अकरा हिरवे लागले आणि एक लाल. शेळवणीच्या माध्यमिक शाळेतला प्रयोगशाळा परिचर नवनाथ दुधाळ याला आधी वाटलं, टेबलाचा फ्यूज गेला. गेल्या सहा वर्षांत लाल दिवा त्याने कधी पाहिलाच नव्हता. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन उठलासुद्धा.

"बसा मामा, टेबल ठीक आहे," परीक्षक सोनकांबळे म्हणाले आणि हातातल्या टॅबवरून वाचू लागले. "टेबल क्रमांक सहा. विद्यार्थिनी मिहिका वाघमोडे. टेबलावर ठेवलेला आकडा अकरा पॉइंट चार. विद्यार्थिनीने लिहिलेला आकडा नऊ पॉइंट सात सात. शेरा, पाठ उत्तर."

दहावीच्या वर्गात मुलं बाराच होती. बाकीच्या अकरा जणांनी एकदम सहा नंबरकडे मान वळवली. त्यांत नवनाथची मुलगी प्रांजल होती. तिचा दिवा हिरवा होता, बारा पॉइंट एकला बारा पॉइंट एक.

"सर, मी मोजलंय," मिहिका म्हणाली. "वीस हेलकावे, चाळीस पॉइंट दोन सेकंद. तीनदा मोजलं. परत मोजून दाखवू?"

"परीक्षा संपली की टेबलं बंद होतात बाळ. नियम आहे."

सोनकांबळे माणूस वाईट नव्हता. पण नियमाने वागणाऱ्या माणसाला आपल्यामुळे कुणाचं तरी वाटोळं होतंय हे कळत असतं, आणि तो त्याबद्दल समोरच्यावरच थोडा रुसलेला असतो, तसा तो दिसत होता. पोरगी मात्र रडली नाही. ती लाल दिव्याकडे, एखादा नवीनच किडा टेबलावर येऊन बसावा तशी बघत राहिली.

या टेबलांचं प्रकरण काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. दोऱ्याला गोळा टांगायचा, हलकेच बाजूला ओढून सोडायचा, हेलकावे मोजायचे. दोरा किती लांब आणि एका हेलकाव्याला किती वेळ, एवढ्यावरून पृथ्वी वस्तूंना किती जोराने खाली ओढते ते काढता येतं. उत्तर येतं नऊ पॉइंट आठच्या आसपास. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हा प्रयोग केला, म्हणजे केला असं वहीत लिहिलं. कारण उत्तर पुस्तकातच छापलेलं होतं. शेवटच्या रकान्यात आधी नऊ पॉइंट आठ लिहायचं आणि उलटा हिशेब करत वरचे रकाने भरत जायचं, ही खरी पद्धत. गोळा बिचारा नुसता टांगलेला असायचा. नवनाथ बाविसाव्या वर्षी नोकरीला लागला तेव्हापासून या कामातला वस्ताद होता. कुणाचं उत्तर वाकडं यायला लागलं की तो कानाशी जाऊन पुटपुटायचा, "दोन सेकंद वाढव, जमतंय." त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराचा प्रयोग कधी चुकला नाही, आणि त्याला याचा फार अभिमान होता.

मग प्रयोग परिषद आली. तिने पुस्तकांतले असे सगळे आकडे काढून टाकले आणि शाळांना नवी टेबलं दिली. टेबलाच्या पोटात तांब्याच्या तारेची रुंद वेटोळी आणि वर टांगलेला गोळा लोखंडाचा. तारेतून वीज गेली की तिचा लोहचुंबक होतो. पृथ्वी ओढतेच, त्यात हा खालून आणखी ओढतो. गोळा भराभर हलायला लागतो आणि उत्तर वाढतं. किती वाढवायचं ते परिषदेचा संगणक ठरवणार, दर टेबलाला वेगळं, दर परीक्षेला वेगळं. शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही, पुस्तकात बघून नाही, मामांना विचारून तर अजिबात नाही. मोजायचं आणि लिहायचं. चुंबक फक्त खाली ओढतो, म्हणून उत्तर दहा ते तेराच्या दरम्यानच यायला हवं. नऊच्या घरातलं उत्तर आलं तर पोराने मोजलेलं नाही, कुणा जुन्या माणसाकडून ऐकलेलं आहे, असा यंत्राचा सरळ हिशेब.

त्याचा गुण आला, हे नवनाथही नाकारत नसे. पोरं खरोखर मोजायला लागली. दोऱ्याला गाठ कुठे मारली म्हणून भांडायला लागली. फक्त त्याचं स्वतःचं डोकं चालेनासं झालं. पूर्वी त्याला सगळी उत्तरं ठाऊक असत, आता एकही ठाऊक नव्हतं. एकदा त्याने मुलांना सहज विचारलं होतं, पृथ्वी किती जोरानं ओढती रे? तर पोरं म्हणाली, "कुठल्या टेबलावर, मामा?"

परीक्षा साधी नव्हती. तिच्यावरून शोधवर्गाला निवड व्हायची. तिथे दोन वर्षं मुलाने आपला प्रश्न आपण निवडायचा आणि कार्यशाळेत राबून त्याचा छडा लावायचा. आणि 'पाठ उत्तर' हा शेरा एकदा नावापुढे बसला की शोधवर्गाचं दार पाच वर्षं बंद.

मुख्याध्यापिका तांबोळी मॅडमच्या खोलीत सोनकांबळेंनी चहाला हात लावला नाही.

"हा आकडा आता कुठल्या पुस्तकात नाही. शाळेच्या टॅबवर शोधला तर सापडत नाही. म्हणजे तो तिला कुणीतरी मोठ्या माणसाने सांगितला."

त्यांनी नवनाथकडे पाहिलं. मॅडमनी नवनाथकडे पाहिलं. नवनाथनेही मागे वळून पाहिलं, तर मागे भिंत होती.

"मामा, तुम्ही सांगितलात?"

"न्हाई सर." मग तो अडखळला. "म्हंजे, सांगितला नसंल."

"नसेल म्हणजे काय?"

"आठवत न्हाई, सर."

आणि ते खरं होतं. एकोणतीस वर्षं जो आकडा तो उठता-बसता पुटपुटत आला होता, तो एकदाही तोंडातून निसटला नाही असं शपथेवर कसं सांगायचं? त्यातून ही मिहिका. तिच्या प्रश्नांना अंत नव्हता. आठवड्यापूर्वी खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या अवजारांची पूजा होती, तेव्हा झेंडूचं तोरण बांधता बांधता तिने त्याला वीसेक प्रश्न विचारले असतील. नादकाटा वाजवून दाताला लावला की डोक्यात का वाजतं, तराजूच्या पेटीला काच कशाला, हळद पाण्यात का विरघळत नाही. त्याने हूं हूं करत उत्तरं दिली होती. त्या हूं हूं मध्ये काय काय गेलं कुणास ठाऊक.

सोमवारी येतो, तोवर लेखी जबाब तयार ठेवा, असं सांगून सोनकांबळे गेले. मॅडमनी दार लोटून घेतलं.

"मामा, ऐका. बोलण्याच्या ओघात आकडा सांगितला गेला, असं लिहून द्या. तुम्हाला एक ताकीद मिळेल आणि विषय मिटेल. पण टेबलात किंवा मांडणीत काही खोट निघाली ना, तर केंद्रच रद्द होईल. बाराही मुलांची परीक्षा परत. त्यात तुमची प्रांजल आहे."

"आणि वाघमोड्यांची पोरगी?"

मॅडमनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. "हुशार आहे. काढेल काहीतरी मार्ग," त्या म्हणाल्या, पण त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास दिसला नाही.

घरी त्याच्या बायकोने, सारिकाने, शिरा केला होता. प्रांजलने मात्र ताटली बाजूला सरकवली.

"पप्पा, मिहिकाला तुम्ही आकडा सांगितला असं सगळी म्हणत्यात."

"तुला सांगितला का कधी?"

"न्हाई ना. म्हणूनच विचारतीय. मला न्हाई सांगितला आन् तिला कसा सांगितला?"

"अगं, मी कुणालाच..." नवनाथ थांबला. एवढंही त्याला छातीठोक सांगता येत नव्हतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी बघून त्याला राग आला, कुणाचा ते कळलं नाही. सारिका म्हणाली, "आवं, सांगितला तर सांगितला म्हणा, न्हाई तर न्हाई म्हणा. ह्यात इचार करण्यासारखं काय हाय?" तिचं बरोबर होतं. आपल्याच तोंडातून काय निघालं हे माणसाला ठाऊक नसावं, याची त्याला मनापासून लाज वाटली.

रविवारी सकाळी तो उगाचच शाळेत गेला. प्रयोगशाळेच्या पायरीवर मिहिका वही घेऊन बसली होती.

"मामा, सरावाचं बटण लावून सहा नंबर एकदा चालू करता? शेऱ्यासाठी न्हाई. माझं चुकलं कुठं ते बघायचंय."

"आकडा तुला मी सांगितला का गं?" त्याने विचारलं. या पोरीलाच विचारावं हे त्याला तीन दिवस सुचलं नव्हतं.

"कुठला आकडा?"

त्याने कुलूप काढलं.

"तुम्ही मोजा," ती म्हणाली. "मी घड्याळ धरते. माझ्या मोजण्यात खोट असली तर कळंल."

नवनाथने गोळा बाजूला ओढला आणि त्याच्या ध्यानात आलं की हे त्याने कधी केलेलं नाही. हजारो दोरे बांधले, हजारो गोळे पुसले, पण वीस हेलकावे बसून मोजले नव्हते. त्याने गोळा सोडला आणि म्हणाला, "एक."

"सोडताना शून्य, मामा. एक हेलकावा झाला की एक."

चौदावर तो चुकला. परत केलं, परत चुकला. तिसऱ्यांदा वीस झाले. टेबल बंद होतं तेव्हा चाळीस पॉइंट दोन सेकंद. मग त्याने सरावाचं बटण लावून अकरा पॉइंट चार ठेवलं. पुन्हा मोजलं. चाळीस पॉइंट एक.

"टेबल बिघडलंय!" तो जवळजवळ ओरडलाच. जीव भांड्यात पडला त्याचा. आपण नाही, पोरगी नाही, यंत्र. ह्यापरतं सोयीचं उत्तर कोणतं?

"थांबा," मिहिका म्हणाली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शेजारच्या टेबलाचा गोळा इथं लावा."

पाच नंबरचा गोळा सहावर लावला. सदतीस पॉइंट दोन. सहाचा गोळा पाचवर लावला, आकडा तोच ठेवला. चाळीस पॉइंट दोन. मिहिकाने कपाटातून नालाच्या आकाराचा चुंबक आणला आणि सहाच्या गोळ्याला लावला. चुंबक घसरून टेबलावर पडला.

"टेबल न्हाई, मामा. गोळा."

नवनाथने खिशातली किल्ली काढून गोळ्याला ओरखडा काढला. काळ्या रंगाखालून पिवळं निघालं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याने सगळी अवजारं खाली काढली होती. नव्या टेबलांचे बारा लोखंडी गोळे, आणि कपाटाच्या तळाशी कागदात गुंडाळलेले जुने पितळी बारा. लोखंडी गोळ्यांचा रंग उडाला होता, दोन गंजले होते. पूजेला मांडायचे तर सगळे एका रंगाचे दिसावेत म्हणून त्याने चोवीसही गोळ्यांना काळा ऑइलपेंट दिला. आकार एक, वजनात उन्नीस-बीस. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, आणि दसरा झाल्यावर त्यातले बारा परत टांगले, त्यात एक पितळी गेला. पितळेला चुंबकाचं सोयरसुतक नसतं. टेबल खालून जीव तोडून ओढत राहिलं आणि गोळा एकट्या पृथ्वीचं ऐकत राहिला. टेबलावरच्या वस्तूंना हात लावू नये असं परिषदेचं पत्रक होतं. पण देवाला पारोशी अवजारं कशी दाखवायची, हे पत्रकात नव्हतं.

"म्हंजे माझं बरोबर होतं!" मिहिका टाळ्या पिटत म्हणाली. मग तिचे हात खाली आले. "रंग कुणी दिला, मामा?"

"मी."

"मग तुम्हाला काढत्याल का?"

त्याची नजर कपाटाकडे गेली. जुने गोळे होते त्याच खणात जास्तीचा लोखंडी गोळाही होता. तो टांगायला एक मिनिट लागलं असतं. पोरीच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? हा विचार त्याच्या मनात आला, नुसता आला नाही तर चांगला ऐसपैस बसला. प्रांजलचा हिरवा दिवा, मॅडमचं केंद्र, अकरा घरची तोंडं, सगळं एका बाजूला होतं.

मिहिकाने वही दप्तरात घातली. "मी कुणाला सांगत न्हाई. तुम्हाला सांगायचं तर सांगा. मला कळलं ना का ते."

ती पायऱ्या उतरून निघूनही गेली. नवनाथला तिचा भयंकर राग आला. तिने रडायला हवं होतं, पाया पडायला हवं होतं, म्हणजे त्याला काहीतरी ठरवता आलं असतं. असं सगळं त्याच्या गळ्यात टाकून जाणं त्याला बिलकूल पटलं नाही.

सोमवारी त्याने कोरा कागद आणि तो गोळा सोनकांबळेंपुढे ठेवला. शेजारी चुंबक ठेवला. सोनकांबळेंनी चुंबक लावून पाहिला. परत लावून पाहिला. मग उठून प्रयोगशाळेत गेले आणि कोट काढून स्वतः हेलकावे मोजले.

"म्हणजे तिने मोजलेलं बरोबर होतं," ते सावकाश म्हणाले.

"व्हय सर."

"पण टेबलावर ठेवलेला आकडा अकरा पॉइंट चार होता. त्याच्याशी जुळत नाही. म्हणजे चूक."

"ह्यातलं खरं कुठलं म्हणायचं, सर?"

सोनकांबळेंनी टॅब पुढे-मागे करून पाहिला. तिथे हिरवा आणि लाल एवढेच दोन रकाने होते. शेवटी त्यांनी खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, मांडणी सदोष, परिचराची कबुली, शेरा मागे, केंद्र रद्द, बाराही विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा पुढच्या रविवारी तालुक्याला. पितळी गोळा पाकिटात घालून लाखेने बंद झाला. चौकशी होईपर्यंत नवनाथने किल्ल्या मॅडमकडे द्यायच्या होत्या. मॅडमनी त्या घेतल्या आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला भलताच सल्ला दिला होता, मामा." सांगितलं हे बरं केलं, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

ते कुणीच म्हणालं नाही. अकरा घरचे पालक फाटकाशी जमले आणि त्यांना जे बोलायचं ते बोलले. हिरवा लागलेला दिवा काढून घेणारा परिचर त्यांनी ऐकला नव्हता. मिहिकाचा बाप येऊन नुसता हात जोडून गेला. ते तर नवनाथला शिव्यांपेक्षा जड गेलं. सारिका म्हणाली, "पोरीचा तरी इचार करायचा." त्याने केला होता, तोच तर घोळ होता. कुठल्या पोरीचा ते त्याला धड सांगता आलं नसतं. आणि प्रांजल बोलायचीच बंद झाली. पाच दिवस ती त्याच्यासमोर जेवली, उठली, अभ्यासाला बसली, पण 'पप्पा' हा शब्द काही घरात ऐकू आला नाही. आपण पोरीचं वाटोळं केलं की काय, हे तो दिवसातून दहादा स्वतःला विचारी आणि दहाही वेळा त्याला वेगळं उत्तर येई.

शनिवारी सकाळी तो अंगणात आला तर पडवीच्या वाशाला दोरी बांधलेली. दोरीच्या टोकाला नदीकाठचा एक गोल दगड. प्रांजल खाली बसून टेपने दोरी मोजत होती.

"घड्याळ धरा," ती म्हणाली. पप्पा नाहीच, पण निदान धरा.

"काय करतीस?"

"मिहिका म्हणती तिचं बरोबर होतं. सगळी म्हणत्यात तिला तुम्ही वाचवली. मला माझं मी बघायचंय."

तिने तीन वेळा मोजलं. पायरीवर बसून हिशेब केला आणि वही त्याच्यापुढे धरली. नऊ पॉइंट आठ दोन. नवनाथने आकडा पाहिला. हाच, हाच तो, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ओठ दाबून धरले.

प्रांजलचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती दगडाखाली वाकली. हाताने जमीन चाचपून पाहिली, पालापाचोळा बाजूला सारला, बोटाने थोडं उकरलंही. मग गुडघ्यांवर बसून बापाकडे बघितलं.

"पप्पा, इथं खाली तर काहीच न्हाई."

"न्हाई. माती हाय."

"मग हा आकडा ठेवला कुणी?"

नवनाथने तोंड उघडलं. तो आकडा त्याने हजारो पोरांच्या कानात सांगितला होता, रकान्यांत भरून घेतला होता, भिंतीवर रंगवला होता. तो कुणी ठेवला, हे विचारायचं असतं हे त्याच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

"मला न्हाई म्हाईत, पोरी," तो म्हणाला.

प्रांजलने त्याच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं, तो काही लपवतोय का ते बघत. मग तिने वाशाची गाठ सोडली.

"टेप धरा," ती म्हणाली. "आता दोरी अर्धी करून बघते."